बोक्याला परत द्या

आटगाव, ता. शहापूर
१२ फेब्रुवारी २०२५

ज्यांनी कुत्र्यांच्या केंद्रातून म्हातारा कुत्रा नेला त्यांना,

तुमचं नाव मला माहीत नाही. केंद्रातल्या शेखरने नावही सांगितलं नाही आणि गावही सांगितलं नाही. तसा नियम आहे म्हणाला. मी फारच गयावया केली तेव्हा म्हणाला, "मावशी, पत्र लिहा, मी पोचवतो." म्हणून लिहिते आहे. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर लागलं नाही तर माफ करा.

तुम्ही नेलेला कुत्रा आमचा आहे. रंगाने तपकिरी, छातीवर पांढरा, डावा कान रानडुकराने फाडलेला, उजव्या डोळ्यावर पांढरा पडदा आलेला. केंद्रात त्याचं नाव ब्रूनो लिहिलं आहे. त्याचं नाव बोक्या. पिल्लू होता तेव्हा मांजरासारखा ओरडायचा म्हणून आमच्या ह्यांनी ठेवलं. एकदा बोक्या म्हणून हाक मारून बघा, मग तुम्हालाच कळेल.

तुळशीच्या लग्नाला फटाके वाजले, त्यात तो बिथरून पळाला. तेव्हापासून आम्ही शोधतो आहोत. आम्ही म्हणजे आमचे हेच शोधतात. गणू त्यांचं नाव. रेल्वेत गँगमन होते, तीस वर्षं रुळांवर चालले, आता पेन्शनीत आहेत. बोक्या बारा वर्षं त्यांच्या पायात पायात फिरला. ते शेतावर गेले की हा शेतावर, ते नाक्यावर चहाला गेले की हा बाकड्याखाली. आता ते रोज सकाळी भाकरी फडक्यात बांधून त्याला शोधायला निघतात आणि संध्याकाळी येतात. फडक्यात अर्धी भाकरी उरलेली असते. ती त्याच्या वाटणीची.

तुम्ही चांगले आहात म्हणून म्हातारं जनावर नेलंत. पण तुम्हाला दुसरा मिळेल. केंद्रात पुष्कळ आहेत, मी स्वतः पाहिले. आमचा आम्हाला द्या.

उत्तर घरी पाठवू नका. पाकिटावर नथूचं किराणा दुकान, आटगाव स्टेशनजवळ, असं लिहा. तो शेजारीच आहे, मला आणून देईल.

तुमची,
गिरजा

आटगाव
२८ फेब्रुवारी

कमळताईंस नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. नथूला मी बहिणीचं पत्र आहे म्हणून सांगितलं. बोक्या म्हटल्याबरोबर त्याने मान वर केली आणि मग दाराकडे जाऊन उभा राहिला, असं तुम्ही लिहिलंत. ते मी चार वेळा वाचलं.

तुम्ही नर्स होतात, धसईला एकट्या राहता, हेही कळलं. सगळ्यात म्हातारा, कोणी नेत नाही असाच द्या म्हणून तुम्ही मागून घेतलात, आपल्यामागे मुकं जनावर राहायला नको म्हणून. तुमचं मन मोठं आहे. म्हणूनच परत विनवते.

तुम्ही विचारलंत, फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा केंद्राच्या गेटला निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला कसा सापडला, आणि शेजारी पिशवीत भाकऱ्या कशा होत्या.

ताई, मी खोटं लिहिलं. घरची अब्रू झाकायला लिहिलं. ते काम आमच्या सुनेचं. माझा मुलगा दीपेश कल्याणला असतो, त्याची बायको कुणाली. तिला ऑक्टोबरात मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं आणि बाळाला घेऊन इकडे यायचं ठरलं. तिला घरात कुत्रा नको होता. तिनेच कोणाकडून तरी नेऊन बांधला असणार. मला मागाहून कळलं. ह्यांना सांगितलं तर मुलाचा संसार मोडेल म्हणून गप्प राहिले. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?

परवा हे आटगाव ते खर्डी रुळावरून चालत गेले. बोक्या पूर्वी त्यांच्याबरोबर त्या बाजूला जायचा, म्हणून. ह्यांना एका कानाने ऐकू येत नाही. मागून गाडी आली. रूळ तपासणाऱ्या चावीवाल्याने हात धरून बाजूला ओढलं म्हणून वाचले. तो घरी सोडायला आला आणि मला म्हणाला, "वहिनी, यांना आवरा. तीस वर्षं रुळावर काढलेला माणूस असा मधून चालतो व्हय?" हे ओटीवर बसून होते. मला म्हणाले, "तिकडं एक तपकिरी दिसला गो. पर तो नवता."

तुमच्या पाया पडते. बोक्याला पाठवून द्या. मी म्हणेन, आपलाआपण आला.

गिरजा

आटगाव
१९ मार्च

ताई,

तुमच्या पत्रात तीनच ओळी होत्या. बोक्या बरा आहे. मऊ भात खातो. सुनेचा फोन नंबर पाठवा, मला तिच्याशी बोलायचं आहे.

मी आठ दिवस ते पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं. नंबर पाठवता येणार नाही, कारण कुणालीने काही केलेलं नाही. तिच्यावर खोटा आळ घेतला. बोक्याला मी नेऊन बांधलं.

आता सगळंच लिहिते. लिहिलं तरी तुमच्याशिवाय कोणाला कळणार आहे.

दिवाळीनंतर कुणालीचा फोन आला होता. बोलता बोलता तिने विचारलं, "आई, बोक्याचे केस घरात पडतात का हो?" एवढंच. मी म्हटलं, नाही पडत. फोन ठेवला आणि घरभर मला केसच दिसायला लागले. चटईवर, पाळण्याच्या दोरीवर, माझ्या पदराला. त्याच्या अंगाला वास यायला लागला होता, हे खोटं नाही. रात्रीतून एकदोनदा ओटीवर घाण करायचा. मला वाटलं, ह्याच्यापायी ती येणार नाही. आली तरी राहणार नाही. दीपेशच्या लग्नानंतर आठ वर्षांनी घरात लेकरू येत होतं. ह्यांना सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले असते, मग आपण दोघंच कल्याणला जाऊन बघून येऊ.

अठरा नोव्हेंबरला हे पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला शहापूरला बँकेत गेले. तिथे दिवस जातो. मी बोक्याला घेऊन रस्त्यावर आले. किन्हवलीकडे जाणारा वीटभट्टीचा रिकामा टेम्पो मिळाला. दोन वर्षांपूर्वी केंद्रातली माणसं गावात कुत्र्यांना सुया टोचायला आली होती, म्हणून जागा ठाऊक होती. टेम्पोत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला. कधी गाडीत बसलेला नव्हता, थरथरत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. ताई, मी त्याला गप्प करत होते आणि सोडायलाही नेत होते.

गेट बंद होतं. दोरी बांधली, भाकऱ्या ठेवल्या आणि पलीकडे सागाच्या झाडामागे जाऊन बसले. तो भुंकला नाही. मी गेले त्या बाजूला तोंड करून बसला. अर्ध्या तासाने शेखर मोटारसायकलवरून आला, दोरी सोडली, आत घेऊन गेला. मग मी निघाले.

ह्यांना म्हटलं, सकाळी बाहेर गेला तो आलाच नाही. त्याच संध्याकाळी ते शोधायला निघाले.

आठ दिवसांनी दीपेश आणि कुणाली बाळाला घेऊन आली. मी घर सारवून, धुरी देऊन बसले होते. कुणालीने बाळाला खांद्यावर घेतलं, अंगणात इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "बोक्या कुठाय? हिला दाखवायचा होता ना."

दोन दिवस राहून गेली. तिला मुंबईत नोकरीवर रुजू व्हायचं होतं, ते आधीच ठरलेलं होतं. केसांचं तिने का विचारलं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारून काय करू?

मला शिव्या द्या, पण बोक्याला द्या.

गिरजा

आटगाव
६ एप्रिल

ताई,

हे परवा पडले. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचा म्हणून सगळी कामाला लागली होती, हे तेवढ्यात कोणाला न सांगता रुळाकडे गेले. मालगाडी आली म्हणून रुळाखालच्या मोरीच्या कडेला सरकले आणि खाली नाल्यात गेले. पाणी नव्हतं, नुसते दगड. दुपारभर तिथेच पडून होते. लाकडं आणायला गेलेल्या बायांनी कण्हणं ऐकलं. गळ्याजवळचं हाड मोडलं आहे, डोक्याला सहा टाके आहेत. शहापूरच्या दवाखान्यातून काल घरी आणलं.

दीपेश आला होता. पलंगाशी बसून म्हणाला, "बाबा, मी दुसरा कुत्रा आणून देतो. चांगला, जातिवंत." हे म्हणाले, "तू दुसरा बाप आण." मग भिंतीकडे तोंड केलं.

जेवत नाहीत. पेज दिली तर दोन घोट घेतात. काल मला म्हणाले, "तो मेला असता तर वास आला असता, घारी फिरल्या असत्या. म्हंजे जिता हाय. मला हुडकत असल." मी त्यांच्या अंगावरची गोधडी नीट करत होते.

ताई, मला आता काही सुचत नाही. सकाळी विहिरीवर गेले की उगाच उभी राहते, कळशी भरून वाहते तरी कळत नाही. नथूची बायको सकुबाई काल हाताला धरून घरी घेऊन आली. बोक्याला एक दिवस आणा. नुसता दाखवा आणि घेऊन जा. तुम्ही आजाऱ्यांची सेवा केलेली आहे, एका आजाऱ्यासाठी एवढं करा. माझ्यासाठी नको.

त्यांना खरं सांगण्याचं मनात येतं. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही, वाईट शब्द बोलले नाहीत. ओरडणारा, मारणारा नवरा असता तर सांगून टाकलं असतं. हे काही करणार नाहीत. त्याचीच भीती वाटते.

गिरजा

आटगाव
२१ एप्रिल

कमळताई,

तुम्ही लिहिलंत, "गिरजाबाई, बोक्याला मी चोरून परत पाठवणार नाही. तुमच्या यजमानांना खरं सांगा. मग दोघं या. उशीर करू नका, त्याच्या मूत्रपिंडांनी हार खाल्ली आहे, डॉक्टरांनी महिना सांगितला आहे."

पहिल्यांदा तुमचा फार राग आला. पत्र चुलीत घातलं. मग आठवून आठवून मनात परत वाचलं.

रविवारी सांगितलं. हे ओटीवर टेकून बसले होते, हातात पेजेची वाटी होती.

मी म्हटलं, "बोक्या पळाला नाय. मी नेऊन सोडला."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "कुठं?"

"किन्हवलीच्या पुढं. कुत्र्यांचं केंद्र हाय तिथं."

"कवा?"

"तुमी दाखल्याला गेलावता त्या दिवशी."

शेजारी कोणाचा तरी टीव्ही चालू होता, तो ऐकत असल्यासारखे बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी हुडकत व्हतो तवा तुला ठावं व्हतं."

"व्हतं."

"रोज?"

"रोज."

"मी आल्यावर भाकरी फडक्यातून काढून ठेवायचीस तवा पन?"

मी होकारार्थी मान हलवली.

"जिता हाय?"

"हाय. धसईला एका ताईंकडं. नर्स व्हत्या. चांगलं बघतात त्याचं. पर आता थोडे दिवस रायलेत."

का केलंस, असं त्यांनी विचारलंच नाही. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. बाळ, केस, वास, सगळी. एकाचंही काम पडलं नाही.

त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. पाणी हवं असलं तरी स्वतः उठतात, मोडक्या खांद्याने कळशी वाकवतात. मी पुढे झाले की थांबतात, मी बाजूला झाले की घेतात. पण ताई, जेवायला लागले. आज सकाळी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली. धुतलेला सदरा खुंटीवर काढून ठेवला आहे.

शुक्रवारच्या पहिल्या एसटीने येतो. मला यायचा हक्क नाही, पण ह्यांना एकट्याला एसटीत चढता येणार नाही.

गिरजा

आटगाव
२६ एप्रिल

कमळताई,

घरी पोचले. सरळगावला एसटी बदलली, बसायला जागा मिळाली.

तुमच्या अंगणात जे झालं ते तुम्ही पाहिलंच. तरी माझ्या बाजूचं लिहिते. नाहीतर कोणाशी बोलू, घरात कोणी नाही.

बोक्या एवढा वाळला असेल असं वाटलं नव्हतं. ह्यांनी हाक मारली नाही, नुसते खाली बसले. तो नाक वर करून वास घेत घेत आला, ह्यांच्या गुडघ्याला डोकं लावलं आणि तसाच उभा राहिला. हे एका हाताने त्याचा फाटका कान चोळत होते. मी फाटकाबाहेरच थांबले होते. मग तो वळला आणि माझ्याकडे आला. शेपटी हलवत, माझ्या साडीचा वास घेत, माझा हात चाटत. हे बघत होते. ताई, तो चावला असता तर बरं झालं असतं. तो भेटला, जसा मी बाजारातून आल्यावर भेटायचा तसा. मी तिथे खाली बसले ते तुम्ही उठवेपर्यंत उठता आलं नाही.

मला वाटत होतं, हे बोक्याला घेऊन निघतील. टेम्पोचं नथूला सांगूनही ठेवलं होतं. पण हे तुम्हाला म्हणाले, "ताई, ह्याला आता हलवायला नको. दोनदा घर बदललं ह्यानं. तुमची हरकत नसली तर मीच रातो." तुम्ही लगेच पडवीत खाट टाकलीत. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. बघायला हवं होतं असंही नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीच्या आतल्या खिशात आहेत. सकाळी एक. खांद्याची पट्टी पंधरा तारखेला सोडायची. ह्यांना दुधाचा चहा आवडतो, पण मागणार नाहीत.

ते कधी येणार, हे विचारत नाही.

गिरजा

आटगाव
३ जून

कमळताई,

तुमचा फोन नथूच्या दुकानात आला त्या दिवशी मी वालाच्या शेंगा सोलत होते. सकुबाई सांगायला आली. बोक्या दुपारी आंब्याखाली पडल्या पडल्या गेला, ह्यांचा हात त्याच्या पोटावर होता, त्रास झाला नाही, असं तुम्ही कळवलंत. मी शेंगा सगळ्या सोलल्या. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर चार दिवस ह्यांचा पत्ता नव्हता. तुमच्याकडून निघाले एवढंच कळलं होतं. मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. नथूला दोनदा रुळाकडे पाठवला.

पाचव्या दिवशी सकाळी शेखरची गाडी दारात आली. हे पुढे बसलेले, मागे पिंजरा. तुम्ही दोघं केंद्रात गेलात, तिथे हे चार दिवस राहिले, म्हाताऱ्या जनावरांचं खाणंपिणं बघितलं, हे मला शेखरकडून कळलं. तुम्ही तुमच्यासाठी आंधळा काळा नेलात म्हणे. ह्यांनी कुत्री आणली. तीही म्हातारीच, पुढचे दात पडलेले, मागचा एक पाय लुळा. तिच्या मालकांनी फार्महाउस विकलं आणि तिला तिथेच सोडून गेले.

शेखरने कागद पुढे केला. घरातल्या दोघांची सही लागते म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मावशी, दर महिन्याला मी येणार. न सांगता येणार. कमळताईंनी शब्द टाकला म्हणून देतोय." ह्यांनी सही करून पेन खाली ठेवलं, माझ्या हातात दिलं नाही. मी उचललं. पूर्ण नाव लिहिलं.

शेखर गेल्यावर हे बोलले. महिन्याभरानंतरचं पहिलं बोलणं. माझ्याकडे न बघता. "हिला चावता येत नाय. भात मऊ करून दे. तूच द्यायचा. मी देनार नाय."

ताई, ती माझ्याकडे बघून गुरगुरते. मी ताटली ठेवली की कोपऱ्यात सरकते, मी लांब गेल्याशिवाय येत नाही, आणि मी गेले तरी खात नाही. पहिले दोन दिवस उपाशी राहिली. मी ह्यांना म्हटलं, "तुमी एकदा द्या, मरंल ती." हे ओटीवर बसून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, ही मेली तर ती पण माझ्याच नावावर. मला शिक्षा द्यायची होती तर मला द्यायची, त्या बिचारीला कशाला, असंही मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी ताटली ठेवून तिथेच भुईवर बसले, तिच्याकडे पाठ करून. मला दुसरं काही सुचेना. दुपार झाली, चूल पेटवायची राहिली, पाय बधिर झाले. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने मागून भात चिवडल्यासारखं ऐकू आलं. मी वळले नाही. सगळा खाल्ला, ताटली सरकत माझ्या कमरेला लागेपर्यंत चाटली.

मी मान वर केली तर हे दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझ्याकडे बघत होते. एरवी मी बघितलं की उठून जातात. काल गेले नाहीत.

तुमची,
गिरजा